टेन्शनने हृदयाचा रिदम बिघडतो का, आणि व्हेगस नर्व्हचं मशीन कानाला लावावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ३६, पुण्यात आयटीत काम, रिलीजच्या आठवड्यात आणि रात्री जेवून आडवं झालं की ठोका चुकल्यासारखा होतो, म्हणजे एक पोकळ गॅप आणि मग छातीत जोरात धक्का. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, २४ तासांच्या होल्टरमध्ये (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) साधारण १,९०० व्हेंट्रिक्युलर एक्टॉपिक, म्हणजे खालच्या कप्प्यातून वेळेआधी पडणारे जादा ठोके. डॉक्टरांनी मेटोप्रोलॉलचा (हा बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयावरचा ॲड्रेनॅलिनचा परिणाम कमी करणारं औषध) छोटा डोस सुरू केला आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले. मग तुम्ही नेटवर वाचलंत की सिम्पथेटिक नर्व्ह (ताणात हृदय पळवणारी) जास्त उत्तेजित झाली की हृदय बंद पडू शकतं आणि व्हेगस (हृदय मंदावणारी) उत्तेजित केली की रिदम स्थिर होतो, आणि आता कानाला लावायचं व्हेगसचं मशीन घ्यायचं तुमच्या मनात आहे.

तुमच्या मनातली खरी भीती मला अशी दिसते, की आज नुसते ठोके चुकतायत पण असंच टेन्शन चालू राहिलं तर हे चांगलं हृदय एक दिवस अचानक दगा देईल का. मी इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट आहे, हृदयाच्या रिदमचे आजार हेच माझं रोजचं काम, त्यामुळे ही भीती मी ओपीडीत जवळजवळ रोज ऐकतो. धडधाकट हृदयाला नुसत्या टेन्शनच्या उत्तेजनाने जीवघेणा रिदम होणं फार दुर्मिळ आहे. पण हृदयात आधीपासून डाग असेल, पंपिंग कमी असेल किंवा जन्मजात चॅनेलचा (पेशीतून विद्युत कण ये-जा करतात त्या वाटांचा) दोष असेल, तर तेवढंच उत्तेजन खरंच जीव घेऊ शकतं. म्हणून मी नेहमी आधी हृदय कसं आहे ते बघतो आणि नर्व्हचा विचार नंतर करतो. मी तुमचा ईसीजी स्वतः पाहिलेला नाही, तेव्हा खाली जे लिहितोय ते तुम्ही दिलेल्या माहितीवर आहे एवढं धरून चाला.

आता मुळातून सांगतो. हृदयाला धडधडायला मेंदूची गरज नसते, उजव्या कप्प्यात वरच्या बाजूला सायनस नोड असतो तो स्वतःच ठोके देतो, आणि त्याचा स्वतःचा वेग तरुण माणसात मिनिटाला साधारण १०० असतो. मग बसल्या जागी तुमचा पल्स ६५-७० का येतो? कारण व्हेगस नर्व्ह सतत त्याला खाली दाबून ठेवते. हृदयप्रत्यारोपण झालेल्या पेशंटमध्ये हे स्वच्छ दिसतं, नवीन हृदयाच्या नर्व्ह कापल्या गेलेल्या असतात त्यामुळे माणूस शांत झोपलेला असला तरी पल्स ९०-१०० च्या आसपास. घरचे घाबरतात, आम्हाला सांगावं लागतं की हा ताप नाही, घाबरणं नाही, हा त्या हृदयाचा स्वतःचा वेग आहे. व्हेगस हे रसायनाच्या मार्फत करते हे १९२१ साली ऑटो लोवीने बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं, एका हृदयाची व्हेगस उत्तेजित केली, त्याच्या भोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर घातलं आणि तेही मंदावलं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. त्या कामाला १९३६ मध्ये नोबेल मिळालं.

दुसरी बाजू सिम्पथेटिक. पाठीच्या कण्याच्या वरच्या भागातून निघणारे हे तंतू मानेच्या तळाशी स्टेलेट गँग्लियन नावाच्या गाठीतून हृदयाकडे येतात आणि नॉरॲड्रेनॅलिन सोडतात. ढोबळपणे उजवीकडचे तंतू सायनस नोडवर जास्त आणि डावीकडचे एव्ही नोड (वरून खाली ठोका पोचवणारा सांधा) आणि खालच्या कप्प्यांवर जास्त काम करतात, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बहुतेक ठिकाणी हे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक म्हणून सांगतात आणि माझी तक्रार इथेच आहे. वेगापुरतं ते ठीक, पण रिदमच्या स्थिरतेसाठी ते दिशाभूल करतं, कारण वाचणारा लगेच असा अर्थ काढतो की ॲक्सिलरेटर धोक्याचा आणि ब्रेक सुरक्षित. हृदयाच्या वरच्या कप्प्यात व्हेगसच अनेकदा गडबड करते आणि खालच्या कप्प्यात तीच संरक्षण देते. एकच नर्व्ह, एकच हृदय, फक्त मजला वेगळा.

सिम्पथेटिक उत्तेजनाने पेशीत नेमकं काय होतं ते बघू. नॉरॲड्रेनॅलिन बीटा रिसेप्टरला चिकटतं, पेशीत जास्त कॅल्शियम शिरतं, आतल्या साठ्यातही जास्त भरतं, म्हणून हृदय जोरात आकुंचन पावतं. धावताना हेच हवं असतं. पण साठा प्रमाणाबाहेर भरला की तो ठोका संपल्यावर मध्येच गळायला लागतो, आणि त्या गळतीतून एक छोटा विद्युत झटका तयार होतो, तो पुरेसा मोठा असेल तर एक जादा ठोका पडतो. हाच तुमचा एक्टॉपिक असायची शक्यता बरीच आहे. उजव्या खालच्या कप्प्यातून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवर असे ठोके निघणं तरुण, निरोगी माणसात फार कॉमन आहे, ते चहा-कॉफी, जागरण, रिलीजचा आठवडा यात वाढतात आणि इको नॉर्मल असेल तर बहुतेकांचं आयुष्य त्याने कमी होत नाही. जादा ठोका लवकर पडतो, त्यानंतर हृदय जरा जास्त वेळ थांबून जास्त भरतं आणि पुढचा नॉर्मल ठोका जोरात लागतो. म्हणजे तुम्हाला जो धक्का जाणवतो तो बऱ्याचदा नॉर्मल ठोकाच असतो! पेशंटला हे एकदा नीट समजलं की निम्मी धडधड तिथेच कमी होते असा माझा अनुभव आहे.

धोका कुठे असतो? जादा ठोका पडल्यावर तो चक्राकार फिरत राहायला जागा मिळाली तर. त्या जागेसाठी हृदयात असमानता लागते, एक भाग विद्युत प्रवाह पटकन नेतो, शेजारचा हळू नेतो, एक भाग लगेच परत तयार होतो, दुसरा उशिरा. हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या हृदयात डागाच्या कडेला नेमकं हेच असतं आणि तिथे नर्व्हसुद्धा सारख्या राहत नाहीत, काही भागातल्या तुटून गेलेल्या असतात तर काही ठिकाणी नव्या वाढून दाट झालेल्या असतात. मग सिम्पथेटिक पेटली की एका पट्ट्याला खूप नॉरॲड्रेनॅलिन मिळतं, शेजारच्याला जवळजवळ काहीच नाही, आणि असमानता आणखी वाढते. २००६ चा फुटबॉल वर्ल्डकप जर्मनीत झाला तेव्हा म्युनिक आणि आसपासच्या हृदयाच्या इमर्जन्सी मोजल्या होत्या, जर्मनीच्या मॅचच्या दिवशी त्या अडीच पटीहून जास्त होत्या, आणि ज्यांना आधीपासून कोरोनरीचा आजार होता त्यांच्यात चौपट. मॅच सगळ्यांनी तीच बघितली, पण सगळ्यात मोठा फटका बसला आधीच आजारी असलेल्या हृदयांना.

माझ्या कामात हे सगळ्यात भयानक रूपात दिसतं ते इलेक्ट्रिकल स्टॉर्ममध्ये. जुना मोठा ॲटॅक, ईएफ (हृदयाचं पंपिंग) २५-३० टक्के, छातीत आयसीडी (धोक्याचा रिदम आला की आपोआप शॉक देणारं मशीन) बसवलेलं, आणि एका रात्री मशीन शॉक द्यायला लागतं. शॉकने बिघडलेला रिदम सुटतो, पण माणूस शुद्धीत असतो, छातीत लाथ बसल्यासारखं दुखतं, तो प्रचंड घाबरतो, ॲड्रेनॅलिन उसळतं, त्यातून पुन्हा व्हीटी (खालच्या कप्प्याचा धोकादायक वेगवान रिदम), पुन्हा शॉक. असे पेशंट कॅज्युअल्टीत येतात तेव्हा हात थरथरत असतात, पुढचा शॉक कधी बसेल म्हणून मॉनिटरकडे डोळे लावून बसलेले असतात, बायको बाहेर रडत असते आणि आत मशीन जीव वाचवता वाचवता पुढच्या झटक्याची तयारी करत असतं. अशा वेळी फक्त रिदमची औषधं ओतत बसून भागत नाही. पोटॅशियम-मॅग्नेशियम दुरुस्त करायचं, रक्तपुरवठा कुठे अडलाय का ते बघायचं, ॲमिओडॅरोन हे रिदमचं औषध असतंच, पण सोबत बीटा ब्लॉकर, शक्यतो प्रोप्रॅनोलॉल, आणि पेशंटला झोपवायचं, अगदी गरज पडली तर व्हेंटिलेटरवर घेऊन. तरी थांबत नसेल तर मानेत स्टेलेट गँग्लियनला भुलीचं इंजेक्शन, सहसा डाव्या बाजूला. आधी म्हटलं ना डावीकडचे तंतू खालच्या कप्प्यांवर जास्त काम करतात, ते इथे उपयोगाला येतं. २००० साली एक छोटा पण फार महत्त्वाचा अभ्यास आला होता, त्यात स्टॉर्ममधल्या पेशंटना सिम्पथेटिक दाबणारे उपचार दिलेले गट नेहमीची रिदमची औषधं दिलेल्यांपेक्षा खूप जास्त जगले. सुई मानेतून काढली आणि थोड्या वेळाने मॉनिटरवरचा गोंधळ शांत झाला हे मी स्वतः बघितलंय, म्हणूनच नर्व्हचा रिदमवर परिणाम होतो का असं कोणी विचारलं की माझ्या मनात शंकेला जागाच राहत नाही.

दुसरा गट जन्मजात चॅनेलच्या दोषांचा. यात इको एकदम नॉर्मल असतो, म्हणून इथे मी मुद्दाम थांबतोय, कारण तुमचाही इको नॉर्मल आहे. लाँग क्यूटी नावाचा आजार असतो, त्यात ठोक्यानंतर हृदयाला परत तयार व्हायला जास्त वेळ लागतो, ईसीजीवर तो क्यूटी म्हणून मोजतात. त्याच्या पहिल्या प्रकारात धावताना आणि खास करून पोहताना त्रास होतो, दुसऱ्या प्रकारात अचानक आवाजाने, म्हणजे झोपेत अलार्म वाजला, फोन खणखणला की, तर तिसऱ्या प्रकारात चक्क आराम करताना किंवा झोपेत. एकाच नावाचा आजार पण प्रत्येकाला भोवणारं उत्तेजन निराळं. माझ्याकडे एक शाळकरी मुलगी आली होती, पोहताना शुद्ध हरपली, कोणीतरी वेळेत बाहेर काढलं म्हणून वाचली, त्याआधी बरीच वर्षं तिला फिट येतात म्हणून गोळ्या चालू होत्या आणि ईसीजीवरचं क्यूटी कोणी मोजलंच नव्हतं. बीटा ब्लॉकर सुरू केला, पोहणं बंद, टाळायच्या औषधांची यादी घरच्यांच्या हातात दिली (त्यात ॲसिडिटीच्या गोळ्यांमध्ये मिसळलेलं डोमपेरिडोनही येतं, जे आपल्याकडे लोक सहज मेडिकलमधून घेतात). सीपीव्हीटी नावाचा आणखी एक आजार आहे, त्यात आरामातला ईसीजी आणि इको दोन्ही नॉर्मल आणि फक्त पळताना किंवा घाबरल्यावर रिदम बिघडतो, तिथे ट्रेडमिल टेस्टच पकडून देते. औषधांनी भागलं नाही तर या दोन्ही आजारांत डावीकडच्या सिम्पथेटिक तंतूंचं ऑपरेशन करून ते कापतात सुद्धा.

म्हणून व्यायाम करताना, पोहताना, घाबरल्यावर किंवा अचानक आवाजाने कधी शुद्ध गेलीये का, आणि घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का, अगदी "विहिरीत बुडाला, पोहता तर उत्तम यायचं" असं मामा-काकांबद्दल सांगतात त्यातलं सुद्धा, हे प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. तुमच्या प्रश्नात याचा उल्लेख नाही, तो आई-वडिलांना विचारून घ्याच.

आता व्हेगसकडे येऊ. खालच्या कप्प्यांत ती सिम्पथेटिकला आवर घालते, प्राण्यांवरच्या प्रयोगांत व्हेगस उत्तेजित केली की व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (खालचे कप्पे नुसते थरथरतात तो जीवघेणा रिदम) व्हायला कठीण जातं हे वारंवार दिसलंय. त्यावरूनच नेटवरचा सगळा उत्साह आहे. पण वरच्या कप्प्यांत, म्हणजे एट्रियामध्ये, ॲसिटिलकोलीनमुळे पेशी लवकर परत तयार होतात आणि तेही सगळीकडे सारखं नाही, कुठे जास्त कुठे कमी, त्यामुळे छोटी छोटी चक्रं फिरायला जागा मिळते आणि एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे वरचे कप्पे अनियमित थरथरत राहणं) सुरू होऊ शकतं. प्रयोगशाळेत एएफ घडवून आणायची एक जुनी पद्धत व्हेगस उत्तेजित करणं हीच आहे! माझ्याकडे मध्यमवयीन सायकलिस्ट आणि मॅरेथॉनवाले येतात, आरामातला पल्स ४५, मीटिंगमध्ये काही नाही, चढ चढताना काही नाही, आणि रात्री भरपेट जेवण, कधी सोबत दोन पेग, मग झोपेत दोन-तीन वाजता एएफ. हा व्हेगसचा नमुना. अशा माणसाला टेन्शन कमी करा म्हणून उपयोग नाही आणि बीटा ब्लॉकरने काहींचा त्रास उलट वाढतो. ब्रुगाडा सिंड्रोममध्येही (हाही जन्मजात चॅनेलचा दोष) धोका असतो तो आराम करताना, झोपेत आणि तापात. थायलंड, फिलिपिन्समध्ये धडधाकट तरुण पुरुष झोपेत जाण्याचे जे प्रकार वर्षानुवर्षं सांगितले जातात, त्यातल्या बऱ्याच जणांमागे हा आजार निघाला.

थोडक्यात इथपर्यंत: खालच्या कप्प्यात जुना डाग असेल तर सिम्पथेटिक धोक्याची आणि व्हेगस मदतीची, वरच्या कप्प्यात एएफची प्रवृत्ती असेल तर दोन्ही त्रास देऊ शकतात, चॅनेलच्या आजारात प्रकारानुसार बदलतं, आणि यातलं काहीच नसेल तर दोन्हीमुळे फक्त ठोके चुकतात आणि माणूस घाबरतो.

तुमच्याबद्दल बोलायचं तर दिवसाला साधारण एक लाख ठोके धरले तर १,९०० म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. दहा टक्क्यांच्या वर जायला लागलं की आम्ही पंपिंगवर परिणाम होतोय का म्हणून नीट लक्ष ठेवतो, तुम्ही त्याच्या बरेच खाली आहात. तुम्हाला दोन वेळा त्रास होतो, कामाच्या ताणात आणि जेवून आडवं झाल्यावर. पहिला सिम्पथेटिकचा वाटतो. दुसऱ्यात बऱ्याचदा असं होतं की पल्स खाली आला की दोन ठोक्यांमधली जागा वाढते आणि दिवसा लपलेले एक्टॉपिक बाहेर येतात, शिवाय डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं आणि आजूबाजूला शांतता असते म्हणून जाणवतातही जास्त. होल्टरच्या रिपोर्टमध्ये तासागणिक आकडे असतात ते बघा, पल्स वाढताना एक्टॉपिक वाढतात की कमी होतात हे त्यातच दिसेल. ट्रेडमिल केलेली नसेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. व्यायामाला सुरुवात झाल्यावर एक्टॉपिक नाहीसे होत असतील तर मला समाधान वाटतं, आणि वाढत जात असतील किंवा निरनिराळ्या आकाराचे दिसत असतील तर मी पुढे एमआरआयपर्यंत जातो.

मशीनबद्दल. कानाच्या पुढच्या बारक्या उंचवट्यावर, ट्रॅगसवर, व्हेगसची एक फांदी येते हे खरं आहे आणि तिथे हलका करंट देऊन २०२० मध्ये एक अभ्यास झाला, ५३ पेशंट, रोज एक तास, सहा महिने, त्यात एएफचं प्रमाण कमी झालं. आशादायक आहे, पण ते पेशंट थांबून-थांबून येणाऱ्या एएफचे होते, तुमच्यासारखे एक्टॉपिकचे नव्हते, आणि संख्या लहान. उलट हार्ट फेल्युअरमध्ये मानेत मशीन बसवून व्हेगस उत्तेजित करण्याचे मोठे प्रयोग झाले त्यात अपेक्षेइतका फायदा दिसला नाही. फिट्ससाठी जे व्हेगस स्टिम्युलेटर बसवतात ते मुद्दाम डाव्या बाजूला बसवतात, कारण उजवी व्हेगस सायनस नोडवर जास्त असते आणि पल्स खाली जायचा धोका जास्त. म्हणजे जगभरातले डॉक्टर बाजू कोणती, करंट किती यावर एवढा विचार करतात आणि ऑनलाइन मिळणारं मशीन फक्त एक बटण देतं. ज्याचा पल्स मुळात कमी आहे, ज्याला चक्कर येऊन पडायची सवय आहे, पेसमेकर किंवा आयसीडी आहे, त्याने तर विचारल्याशिवाय हात लावू नये. तुम्हाला त्याने अपाय होईल असं मी म्हणत नाही, पण तुमच्या त्रासासाठी त्याचा उपयोग होतो असा पुरावा मला माहीत नाही, त्यापेक्षा ते पैसे ट्रेडमिल टेस्टवर घाला.

व्हेगस वाढवायची फुकट पद्धत आपल्याकडे आहेच. मिनिटाला साधारण सहा श्वास, सावकाश, नाकाने, श्वास सोडणं थोडं लांब, याने रक्तदाब आणि पल्सचं आपापसातलं नियमन सुधारतं हे चांगलं मोजलेलं आहे, एका अभ्यासात तर मंत्र म्हणतानाही श्वास आपोआप याच वेगावर येतो असं दिसलं. दहा मिनिटं अनुलोम-विलोम करा, पण जोरजोरात कपालभाती आणि लांब कुंभक (श्वास रोखून धरणं) सध्या नको, ज्यांना त्रास चालू आहे त्यांना मी ते थांबवायला सांगतो. कॉफीबद्दल लोक फार भांडतात, २०२३ च्या एका चांगल्या अभ्यासात कॉफीच्या दिवशी वरच्या कप्प्याचे जादा ठोके वाढले नाहीत, खालच्या कप्प्याचे मात्र वाढले आणि झोप कमी झाली, तुमचे खालचेच आहेत, तेव्हा दोन आठवडे बंद करून स्वतःच बघा. घोरत असाल तर स्लीप ॲप्निया तपासा, झोपेत श्वास अडकणं म्हणजे रात्रभर दोन्ही नर्व्हना आलटून पालटून झटके, आणि माझ्या अनुभवात ही गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते.

मेटोप्रोलॉल मनाने बंद करू नका. बीटा ब्लॉकर अचानक थांबवला की काही दिवस उलट उसळी येते, आणि त्या दिवसांत वाढलेले ठोके बघून माणूस समजतो आजार वाढला. उपयोग होत नाही, गळून गेल्यासारखं वाटतं, तर डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करता येतं, इतक्या कमी एक्टॉपिकला औषध लागतंच असं नाही.

शुद्ध हरपली, पळताना डोळ्यांपुढे अंधारी आली, धडधड सलग मिनिटभर थांबलीच नाही किंवा सोबत छातीत दुखलं तर प्रश्न विचारत बसू नका, सरळ जवळच्या हॉस्पिटलला जा आणि त्रास चालू असतानाच ईसीजी काढायला लावा, थांबल्यावर काढलेल्या दहा ईसीजींपेक्षा तो एक कामाचा. बाकी घरातल्या अचानक मृत्यूंबद्दल काही कळलं आणि होल्टरचे तासागणिक आकडे मिळाले की इथे लिहा, ईसीजीवर छापलेला क्यूटीसीचा (पल्सनुसार दुरुस्त केलेलं क्यूटी) आकडाही लिहा, मग नेमकं सांगता येईल.